चेनसॉचे बिघाड आणि दुरुस्ती : बेंबळी परिसरापुरता एक आढावा

चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारे लहान टू-स्ट्रोक इंजिन, त्याच्या टोकाला बसवलेला क्लच आणि पोलादी पट्टीच्या कडेने फिरणारी दातेरी साखळी. धाराशिव तालुक्यातील बेंबळी आणि आसपासच्या गावांत त्याला कोणी कटर म्हणतात, कोणी नुसते मशीन. बांधावरची बाभूळ, वाळलेला कडुनिंब, वावटळीत आडवा झालेला आंबा, विजेच्या तारांत घुसलेल्या फांद्या, सरपणाची फोड ही त्याची कामे. रब्बीची ज्वारी आणि हरभरा घरात आला की मृगाचा पाऊस पडेपर्यंत या कामांची झुंबड असते. मशीनही नेमके त्याच दिवसांत बिघडते, कारण आठ महिने कोपऱ्यात पडलेले मशीन एकदम दिवसभर चालवले जाते.

या बिघाडांचा मोठा वाटा इंजिनाच्या पोटात नसतो. जुने पेट्रोल, कोंदलेला फिल्टर, काजळलेला प्लग, बोथट साखळी अशा बाहेरच्या गोष्टींपायी मशीन अडते. गावात अधिकृत डीलर नसेल तर धाराशिव, लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते. तिथे बसवायचा पार्ट कधी कधी इतका स्वस्त असतो की त्यापेक्षा बुडालेल्या रोजाची किंमत जास्त भरते. म्हणून दोष कोणत्या भागात आहे हे घरीच ठरवणे आणि डीलरकडे जाणे अटळ असेल तर तयारीने जाणे, या दोन गोष्टींवर दुरुस्तीचा खर्च ठरतो.

बाजारातली मशीन

ग्रामीण बाजारात दोन जातींची मशीन दिसतात. पहिली स्टिल, हुस्कवर्ना यांसारख्या जुन्या कंपन्यांची. किंमत साधारण वीस हजारांच्या आसपास सुरू होऊन मोठ्या मॉडेलला बरीच वर जाते. विक्री मुख्यतः नेमलेल्या डीलरमार्फत होते आणि प्रत्येक पार्टला क्रमांक असतो. दुसरी जात ५८ सीसीची. मूळ चिनी आराखड्याची ही मशीन अनेक नावांनी, वेगवेगळ्या रंगांत, त्या मानाने फार कमी किमतीत मिळतात. नाव बदलले तरी आतले कार्बोरेटर, कॉइल, पिस्टन आणि क्लच बहुधा एकाच मापाचे असतात. त्यामुळे फवारणी पंप आणि गवत कापायच्या मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातही त्यांचे भाग सापडतात.

या फरकाचा परिणाम दुरुस्तीवर होतो. पहिल्या जातीचा पार्ट महाग असतो, पण क्रमांक सांगितला की नेमका तोच येतो. दुसऱ्या जातीचा पार्ट स्वस्त असतो, पण तो जुन्या पार्टशी ताडून घ्यावा लागतो आणि त्याच्या दर्जाची हमी दुकानदाराच्या शब्दापलीकडे नसते.

मशीन चालूच होत नाही

दोरी ओढत राहण्यापूर्वी चार गोष्टी क्रमाने पाहायच्या: स्विच, पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन. स्विच बंद राहिल्याने दम लागेपर्यंत दोरी ओढल्याची उदाहरणे कमी नाहीत. स्विच ठीक असेल तर प्लग काढावा. त्याची अवस्था पुढची दिशा दाखवते.

प्लग ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा निघाला तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. चोक लावून बराच वेळ दोरी ओढली की हे होते. अशा वेळी चोक उघडा करून, स्विच बंद ठेवून, प्लग न बसवता दहा-बारा वेळा दोरी ओढावी. प्लग कोरडा पुसून बसवावा आणि चोक न लावता मशीन सुरू करावे. प्लग कोरडा ठणठणीत निघाला तर पेट्रोल वर येतच नाही. टाकीतला फिल्टर, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर या वाटेने शोध घ्यायचा. काळा, तेलकट प्लग म्हणजे ऑईल जास्त किंवा हवेचा फिल्टर बंद.

करंट पाहताना प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवतात आणि दोरी ओढतात. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग त्या भोकापासून दूर धरणे आवश्यक आहे. निळसर, ठसठशीत ठिणगी पडली तर कॉइल ठीक. ठिणगी नसेल तर आधी दुसरा, चालू स्थितीतला प्लग लावून पाहावा. टोकांमधले अंतर बहुतेक मशीनवर ०.५ ते ०.७ मिमी असते. नव्या प्लगलाही करंट नसेल तर स्विचची वायर कुठे घासून बॉडीला लागते का ते पाहावे. तीही सुस्थितीत असेल तरच कॉइलवर संशय घ्यावा. कॉइल आणि चुंबकाचे चाक यांच्यातले अंतर ०.३ मिमीच्या आसपास असते. ते वाढले तरी करंट दुबळा होतो आणि चांगली कॉइल नाहक बदलली जाते.

कॉम्प्रेशनचा अंदाज मीटरशिवायही येतो. जमिनीपासून हातभर उंचीवर मशीन फक्त दोरीच्या मुठीला टांगावे. ते थांबत थांबत, हिसके देत खाली आले तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. सरळ घसरत खाली आले तर पिस्टन, रिंग किंवा ब्लॉक झिजला आहे. दोरी सुलभ ओढण्यासाठी मदतीची स्प्रिंग बसवलेल्या मशीनवर ही चाचणी खात्रीची नसते. तिथे डीलरकडचा मीटर लावावा लागतो.

चालू होते, पण रेस घेत नाही

स्लोला चालते आणि रेस दिली की बंद पडते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. बाभळीचा बारीक भुसा आणि उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ यांनी हवेचा फिल्टर लवकर कोंदतो, म्हणून पहिली नजर तिथे. फिल्टर बाजूला काढून मशीन क्षणभर चालवले आणि रेस नीट घेतली, तर दोष फिल्टरचाच. मात्र फिल्टरशिवाय लाकूड कापू नये. धूळ थेट पिस्टनवर जाते आणि रिंग खाते.

दुसरी जागा टाकीच्या झडपेची. टाकीतले पेट्रोल कमी होत जाते तशी तिथे हवा शिरावी लागते. ती वाट बुजली की दहा-पंधरा मिनिटांत मशीन गुदमरून थांबते. इंजिन थंड झाल्यावर झाकण सैल करताना सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर मशीन पुन्हा नीट चालले, तर दोष झडपेत आहे. टाकीतला पेट्रोल फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढता येतो. तो काळा झाला असेल तर बदलायचा. नळीला बारीक चीर असेल तर ती बोटाने ताणल्यावर दिसते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर कार्बोरेटर. चेनसॉ आडवा-उभा कसाही धरून चालवता यावा म्हणून त्यात मोटारसायकलसारखी तरंगती वाटी नसते. एक पातळ पडदा धडधडत पेट्रोल आत ओढतो. तो ताठरला की पेट्रोल अपुरे पडते. पडदे आणि वायसरांचा संच स्वस्त असतो. पूर्ण कार्बोरेटर बदलण्याआधी तो संच घालून पाहणे शहाणपणाचे.

कार्बोरेटरवर बहुधा तीन स्क्रू असतात. 'एल' स्लोचे पेट्रोल ठरवतो, 'एच' पूर्ण रेसचे, आणि 'टी' स्लोची गती. स्लोला साखळी फिरत असेल तर 'टी' थोडा सैल करावा. तरीही फिरत राहिली तर क्लचची स्प्रिंग तुटली असावी. 'एच' स्क्रूला हात लावताना जपावे लागते. पूर्ण रेसला, लाकडात न घालता, इंजिनाचा आवाज किंचित फडफडता असावा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हावा. आवाज रिकाम्यातच शिट्टीसारखा तीव्र असेल तर पेट्रोल आणि त्यासोबत ऑईल कमी जात आहे. मशीन त्या घडीला जोमाने चालते आणि थोड्याच दिवसांत पिस्टन धरते. नव्या महाग मॉडेलवर हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप होते. तिथे स्क्रूच नसतो आणि दोष शोधायला डीलरकडचे उपकरण लागते.

स्क्रूने काही केल्या जुळत नसेल, रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नसेल, तर कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. क्रॅंकचे सील किंवा कार्बोरेटर आणि ब्लॉक यांच्यामधला रबरी तुकडा फाटलेला असतो. अशा मशीनवर काम चालू ठेवू नये.

पेट्रोल आणि ऑईल

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी वेगळी व्यवस्था नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईल हेच त्याचे वंगण. प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवायचे. ५०:१ असेल तर ५ लिटरला १०० मिली, २५:१ असेल तर २०० मिली. बाटलीच्या बुचाने अंदाजे ओतले की चूक हमखास होते. मापाची बाटली वापरावी आणि ऑईल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचे घ्यावे. बाटलीवर 'जासो एफडी' असा दर्जा छापलेला असतो. बोटीच्या इंजिनाचे ऑईल टू-स्ट्रोकचे असले तरी इथे चालत नाही.

इथेनॉलचा प्रश्न अलीकडचा आहे. २०२५ पासून देशभर पंपांवर मिळणाऱ्या सर्वसाधारण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, तर अनेक चेनसॉच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. साठवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. टाकीतला फिल्टर तळाशीच असल्याने इंजिन नेमके तेच ओढते. कार्बोरेटरचा पडदा आणि जुन्या रबरी नळ्या यांनाही ते सोसत नाही. पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून दिवाळीनंतर मशीन काढले की ते चालू होत नाही, याचे कारण बहुधा हेच. उपाय साधा आहे: महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करावे, आणि मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

इंजिन जाम होणे

दोरी ओढली जात नाही, तेव्हा इंजिनच जाम झाले असे समजून मशीन खोलण्याची घाई होते. आधी साखळी आणि क्लचचे झाकण काढावे. कधी भुसा आणि ऑईल यांचा गोळा क्लचमध्ये अडकलेला असतो, कधी स्टार्टरचीच दोरी गुंतलेली असते. ते नसेल तर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढून आत बॅटरीचा उजेड टाकावा. पिस्टनची धुराकडची बाजू समोर दिसते. ती गुळगुळीत असेल तर काळजी नाही. तिच्यावर उभे ओरखडे दिसले, ॲल्युमिनियम घासून ब्लॉकला चिकटलेले असले, तर ऑईलाविना किंवा कमी पेट्रोलवर मशीन चालले आहे. हा पुरावा वॉरंटीच्या वेळी निर्णायक ठरतो, कारण डीलरही सर्वांत आधी इथेच पाहतो.

ओरखडे फक्त पिस्टनवर असतील तर पिस्टन-रिंगवर भागते. ब्लॉकलाही चरे गेले असतील तर दोन्ही एकत्र घ्यावे लागतात. मात्र ऑईल कमी का पडले याचे कारण न शोधता नवा पिस्टन घातला, तर तोही त्याच वाटेने जातो.

साखळी आणि पट्टी

कटरमध्ये दमच नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी मशीनचे इंजिन ठणठणीत असते आणि साखळी बोथट. धारदार साखळी लाकडाच्या पापुद्र्यासारख्या कपच्या फेकते. पिठासारखा भुसा पडू लागला, मशीन दाबावे लागले, पट्टीतून धूर आला की धार गेली असे समजावे. बाभळीचे लाकूड कठीण, सालीत धूळ भरलेली. जुन्या आंब्यात किंवा बांधावरच्या लिंबात कुंपणाची तार नाहीतर खिळा गाडलेला असतो. जमिनीला एकदा टोक लागले तरी सगळ्या दातांची धार जाते.

धार लावायला गोल कानस लागते आणि तिची जाडी साखळीवर अवलंबून असते. ५८ सीसीच्या मशीनवर बहुधा ०.३२५ इंच पिचची साखळी असते, तिला ४.८ मिमीची कानस. लहान मशीनवरच्या ३/८ इंच लो-प्रोफाइल साखळीला ४ मिमीची. पट्टी लाकडात घट्ट अडकवून, सर्वांत आखूड झालेला दात आधी घ्यावा. कानस ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलावी. परतताना दाताला टेकवू नये. दोन-तीन हातांत कडेवरची चकाकती रेघ नाहीशी झाली की धार आली. बाकीचे दात त्याच लांबीवर आणावेत. चार-पाच वेळा धार लावल्यावर दातापुढचा उंचवटा चपट्या कानशीने उतरवायचा. तो दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. जास्त उतरवला तर मशीन हिसके देते आणि हातातून उसळू शकते.

काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात आखूड झाले आहेत किंवा पट्टीची एक कड झिजली आहे. ज्या बाजूचे दात लांब, तिकडे काप वळतो. पट्टी दर वेळी उलटी करून लावली, तिच्या खाचेतला भुसा काढला, तर ती सारखी झिजते. दोन साखळ्या झिजल्या की पाठचे दातेरी चाकही बदलायचे असते. जुन्या चाकावर नवी साखळी लवकर ताणते.

साखळीचे वंगण पेट्रोलमधून येत नाही, त्याची टाकी वेगळी. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत ही टाकीही जवळपास संपली पाहिजे. पट्टीचे टोक फिक्या रंगाच्या पुठ्ठ्यावर वीतभर उंच धरून रेस दिल्यास तेलाची रेघ उमटते. उमटली नाही तर पट्टीचे भोक किंवा तेलाची जाळी तुंबलेली आहे. ट्रॅक्टरचे जळके ऑईल यात ओतण्याची सवय सर्रास दिसते. त्यातले धातूचे कण पंप आणि पट्टी खातात आणि ते साखळीला धरूनही राहत नाही.

जिथे चालढकल चालत नाही

चेन ब्रेक लागत नाही, रेसचे कुलूप अडकते, तुटलेली साखळी अडवणारा खालचा आकडा मोडला आहे, मुठीचे रबर तुटून पट्टी डगडगते, हे दोष मशीन बंद पाडत नाहीत, म्हणून दुर्लक्षिले जातात. खरे तर याच भागांवर चालवणाऱ्याचा जीव असतो. पुढच्या मुठीसमोरची चेन ब्रेकची ढाल पंज्याने पुढे ढकलली की फिरणारी साखळी तत्काळ थांबली पाहिजे. ती थांबत नसेल तर मशीन दुरुस्त होईपर्यंत ठेवून द्यावे. या भागांत जुगाड करू नये, मूळ पार्टच लावावा.

गावातला मिस्त्री की डीलर

ल्यूना, एम-८०, चेतकच्या काळात हात बसलेल्या जुन्या मिस्त्र्यांना टू-स्ट्रोक इंजिन कळते. आज पॉवरवरचे फवारणी पंप दुरुस्त करणारे कारागीर तेच ज्ञान वापरतात. फिल्टर, प्लग, दोरी, स्टार्टरची स्प्रिंग, कार्बोरेटरची सफाई, पडद्यांचा संच, धार ही कामे त्यांच्याकडे कमी वेळात आणि कमी पैशांत होतात. प्रेशर चाचणी लावून सील तपासणे, टॅकोमीटरवर 'एच' स्क्रू बसवणे, क्रॅंकचे बेअरिंग, इलेक्ट्रॉनिक मॉडेल आणि वॉरंटीतले प्रत्येक काम मात्र डीलरकडचे. वॉरंटीच्या काळात बाहेर मशीन खोलले तर कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते.

डीलरकडे जाण्याआधी फोनवर मॉडेल आणि क्रमांक सांगून पार्ट शिल्लक आहे का विचारावे. साखळी मागताना इंच सांगून भागत नाही. पिच, खाचेची जाडी आणि आतल्या कड्यांची संख्या लागते. ही माहिती पट्टीच्या बुडाशी कोरलेली असते, नाहीतर जुनी साखळी सोबत न्यावी. मशीन झटकून, पट्टी-साखळीसकट न्यावे आणि दोष लक्षणांत सांगावा. 'मशीन खराब आहे' यावरून मेकॅनिकला काही कळत नाही. 'थंड असताना पहिल्या दोरीत चालू होते, वीस मिनिटांनी गरम झाले की बंद पडते, मग अर्धा तास चालू होत नाही' यावरून तो थेट कॉइल, टाकीची झडप आणि कॉम्प्रेशन या तीन जागांकडे वळतो. वापरात असलेल्या मिश्रणाची बाटलीही न्यावी.

मशीन ठेवून येताना जॉब कार्ड घ्यावे. त्यावर मशीनचा क्रमांक, सांगितलेला दोष, सोबत दिलेली पट्टी-साखळी, अंदाजे खर्च आणि तारीख असावी. ठरावीक रकमेपुढे खर्च गेल्यास आधी फोन करावा, असे तिथेच लिहून घ्यावे. परत घेताना काढलेले जुने पार्ट मागून घ्यावेत आणि मशीन दुकानासमोरच चालवून पाहावे: थंड सुरुवात, स्लोला साखळी स्थिर, एका झटक्यात रेस, चेन ब्रेक. उन्हाळ्यात डीलरकडे रांग असते. पावसाळ्यात तीच सर्व्हिस करून ठेवली तर कामाच्या दिवसांत खोटी होत नाही.

वॉरंटी आणि तक्रार

साखळी, पट्टी, प्लग, फिल्टर, दोरी हे झिजणारे भाग बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत नसतात. ऑईलाविना जाम झालेले इंजिनही नसते. निर्मितीतला दोष असतो. भाड्याने किंवा धंद्यासाठी वापरल्यास काही कंपन्या मुदत कमी करतात, म्हणून अट खरेदीच्या दिवशीच वाचावी. ऑनलाइन घेतलेल्या मशीनचे सेवा केंद्र कुठे आहे हेही घेण्याआधीच विचारायचे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू आहे. मागूनही बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्याबाहेर असली, तरी स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी घेतलेले मशीन त्यात बसते. रोजाने झाडे तोडणाऱ्यासाठी ही तरतूद महत्त्वाची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने न मिटल्यास तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे बेंबळीकरांना धाराशिवला, दोन वर्षांच्या आत जाता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल, वॉरंटी कार्ड, जॉब कार्ड आणि फोनवरचे संदेश हेच तिथले पुरावे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलमध्ये शेतीची उपकरणेही धरली आहेत.

दुरुस्ती की नवे मशीन

पिस्टन, ब्लॉक आणि सील एकाच वेळी गेले, की स्वस्त ५८ सीसी मशीनच्या दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या जवळ पोहोचतो. त्याचे कार्बोरेटर, कॉइल, क्लच दुसऱ्या मशीनला उपयोगी पडतात, म्हणून ते भंगारात घालण्याऐवजी पार्टसाठी ठेवणे परवडते. महाग मशीनचे इंजिन एकदा नव्याने भरले तर ते पुन्हा बरीच वर्षे चालते, मात्र क्रॅंक आणि बेअरिंग शाबूत असले पाहिजेत. वर्षातून दहा-पंधरा दिवस लाकूड कापणाऱ्या शेतकऱ्याला स्वस्त मशीन आणि जवळचा मिस्त्री पुरतो. ज्याचा रोजच मशीनवर अवलंबून आहे, त्याने मशीन निवडण्याआधी डीलर निवडावा: सुटे भाग ठेवणारा, जॉब कार्ड देणारा आणि एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावरचा.